पुडीवरची अक्षरे आणि कपातला चहा

पुण्याच्या रविवार पेठेत चहाची घाऊक आणि किरकोळ विक्री करणारी काही जुनी दुकाने आहेत. त्यांपैकी एका दुकानातून गेल्या महिन्यात मी काळ्या चहाच्या सहा प्रती प्रत्येकी शंभर ग्रॅम अशा आणल्या, तीन आठवडे त्या रोज आलटून पालटून करून पाहिल्या, आणि त्याविषयी हे सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत, आणि दुसरे असे की अशा दुकानांत थोड्याफार फरकाने हाच माल आणि विकण्याची हीच पद्धत आढळते, त्यामुळे जे मला इथे दिसले ते वाचणाऱ्याला आपल्या गावच्या दुकानातही उपयोगी पडावे.

दुकान लहान आहे. भिंतीला लागून काचेच्या दर्शनी भागाचे पत्र्याचे मोठे डबे, प्रत्येक डब्यावर खडूने लिहिलेला किलोचा भाव आणि त्याच्या आधी दोन-चार इंग्रजी अक्षरे : बीपी, पीडी, बीओपी, टीजीएफओपी१. येणाऱ्या दहापैकी नऊ गिऱ्हाइके त्या अक्षरांकडे पाहतही नाहीत. "पाव किलो फॅमिली मिक्श्चर" एवढेच सांगून, पुडी घेऊन निघून जातात. मीही वीस वर्षे तेच केले. या खेपेला मात्र गल्ल्यावरच्या तरुण मुलाला मी विचारले, की ही अक्षरे नक्की काय सांगतात. तो म्हणाला, "ताई, जेवढी अक्षरे जास्त तेवढा चहा भारी." हे उत्तर पूर्ण खरे नाही, आणि ते तसे का नाही हेच या सहा पुड्यांनी मला दाखवले.

आणलेला माल असा (सीटीसी आणि ऑर्थोडॉक्स या पान वळून चहा तयार करण्याच्या दोन पद्धती, त्यांविषयी पुढे सांगते) : आसामचा सीटीसी बीपी ४८० रुपये किलो, आसामचाच सीटीसी पीडी ३८० रुपये, दुकानाचे स्वतःचे फॅमिली मिक्श्चर ४४० रुपये, निलगिरीचा ऑर्थोडॉक्स बीओपी ७२० रुपये, आसामचा ऑर्थोडॉक्स टीजीएफओपी१ १,४०० रुपये आणि दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या बहराचा, एफटीजीएफओपी१ ३,६०० रुपये. सहा पुड्यांचे मिळून ७०२ रुपये झाले. चव पाहताना अंदाजाने चमचे टाकायचे नाहीत असे ठरवले होते. चहाची चव तपासण्यासाठी १९८० पासून एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे झाकण, असे प्रमाण दिलेले आहे. मी घरातल्या छोट्या वजनकाट्यावर तेच प्रमाण धरले. त्यानंतर प्रत्येक चहा आपल्या पद्धतीने, दूध-साखर घालून उकळूनही केला, कारण आपल्याकडे चहाचा खरा कस दुधातच लागतो.

पहिला धडा चहा करण्याआधीच, वजनकाट्यावर मिळाला. पोह्यांचा एकच चमचा सगळ्या पुड्यांत सारख्याच हाताने बुडवून तोलला, तेव्हा पीडी तीन ग्रॅमहून किंचित जास्त भरला, बीपी अडीच ग्रॅम आणि टीजीएफओपी१ जेमतेम दीड ग्रॅम. म्हणजे "दोन कपांना दोन चमचे" या हिशोबाने जो बारीक चहा कडक लागतो, त्याच्या कडकपणातला बराचसा भाग केवळ वजनाचा असतो. मोठ्या पानाचा चहा आणून "याला रंगच नाही" म्हणून तो मागे टाकणाऱ्या माझ्या ओळखीच्या अनेक घरांत झालेली चूक हीच आहे.

आता ही अक्षरे. ती मुळात चाळणीची अक्षरे आहेत. कारखान्यात चहा तयार होऊन भट्टीतून कोरडा बाहेर पडला, की तो एकाखाली एक बसवलेल्या, हलणाऱ्या जाळ्यांवरून जातो. वरच्या जाळीवर जाड दाणा राहतो, तिच्याखाली मध्यम, त्याखाली बारीक, आणि सर्वांत खाली भुकटी. पान अख्खे असेल तर ऑरेंज पेकोच्या घराण्यातली नावे, तुटलेले असेल तर ब्रोकनची, त्याहून बारीक ते फॅनिंग्ज आणि शेवटचे ते डस्ट. बीपी म्हणजे ब्रोकन पेको, बीओपी म्हणजे ब्रोकन ऑरेंज पेको, पीडी म्हणजे पेको डस्ट. 'पेको' हा शब्द चिनी भाषेतून आलेला असून, कोवळ्या कळीवर जी पांढरी लव असते तिचा तो निर्देश करतो; 'ऑरेंज' या शब्दाचा संत्र्याशी काहीही संबंध नाही, आणि दुकानात कुणी संत्र्याच्या स्वादाचा चहा म्हणून ओपी देऊ लागले तर ते घेऊ नये. टीजीएफओपी१ मधली टी आणि जी ही 'टिप्पी' आणि 'गोल्डन' या शब्दांची आद्याक्षरे आहेत, पुढचे एफओपी म्हणजे फ्लॉवरी ऑरेंज पेको. पाने वळताना त्यांचा रस कळीवरच्या पांढऱ्या लवेवर बसतो आणि वाळल्यावर ती लव सोनेरी दिसते. काळ्या पानांत मध्येच दिसणारे हे सोनेरी तुकडे म्हणजे टिप. आसामच्या पुडीत ते भरपूर होते, बोटाने बाजूला सारून मोजता येतील असे.

एकाच दिवशी, एकाच बागेत खुडलेल्या, एकाच यंत्रातून निघालेल्या पानांतून बीपीही निघतो आणि पीडीही निघतो. बागेची जात, खुडणीचा हंगाम आणि कारागिराचा हात दोन्हींत सारखाच असतो. आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण द्यायचे तर आंबेमोहोराची कणी ही कणीच असली तरी तिला वास आंबेमोहोराचाच येतो, आणि जाडाभरडा तांदूळ अख्खा असला म्हणून त्याला तो वास येत नाही. चांगल्या बागेचा डस्ट हा सुमार बागेच्या बीपीपेक्षा सरस असतो, आणि ही गोष्ट डब्यावरच्या अक्षरांतून कळायला काहीच मार्ग नाही. गल्ल्यावरच्या मुलाचे उत्तर अपुरे पडते ते इथे. अक्षरे वाढत जातात तसतसे पान मोठे, अख्खे आणि टिपांनी भरलेले होत जाते एवढे ऑर्थोडॉक्स चहापुरते खरे आहे. पण सीटीसी चहाला ती शिडी लागूच नाही, त्याची अक्षरे निराळी आणि त्यांचा क्रमही निराळा.

ऑर्थोडॉक्स आणि सीटीसी हा फरक मात्र अक्षरांच्या आधीचा आणि कितीतरी मोठा आहे. झाड तेच असते, पण कारखान्यातली वाट वेगळी होते. खुडलेल्या ताज्या पानात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असते. ती पाने जाळीच्या लांब हौदांवर पसरून खालून हवा सोडतात आणि बारा ते अठरा तास मलूल होऊ देतात. या काळात पान मऊ पडते, वळताना तुटत नाही, आणि त्याच्या आतला सुगंध तयार होऊ लागतो. सीटीसीसाठी पान थोडेच मलूल करतात, ऑर्थोडॉक्ससाठी अधिक. त्यानंतर ऑर्थोडॉक्स पद्धतीत ती पाने गोल फिरणाऱ्या मेजावर दाबाखाली वळतात, म्हणजे दोन तळहातांत धरून चोळल्यासारखी. पान पिळवटते, पेशी फुटतात, रस वर येतो, पण पान बऱ्याच अंशी पानच राहते. सीटीसीमध्ये मात्र तेच पान एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन दातेरी लोखंडी रुळांच्या मधून जाते. एक रूळ दुसऱ्याच्या साधारण दहापट वेगाने फिरत असतो, त्यामुळे पान एकाच वेळी चिरडले जाते, फाटते आणि गोळी होऊन गुंडाळले जाते. असे तीन-चार वेळा करतात. चिरडणे, फाडणे आणि गुंडाळणे या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच सीटीसी हे नाव पडले आहे. विल्यम मॅकरचर यांनी १९३० मध्ये आसाममधल्या आमगुरी बागेत हे यंत्र सिद्ध केले. आज भारतात होणाऱ्या चहापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास चहा याच पद्धतीचा असतो, आणि आपल्या घरातल्या डब्यातली दाणेदार चहापूड म्हणजे त्या दातेरी रुळांची करणी.

यापुढची पायरी दोन्ही पद्धतींत आहे, आणि काळा चहा काळा होतो तो याच पायरीला. कारखान्यात तिला फर्मेंटेशन म्हणतात, मराठीत अनेकजण 'आंबवणे' असे लिहितात, पण इडलीचे पीठ आंबते तसे इथे काही आंबत नाही. वांगे चिरून ठेवले की काळे पडते, तीच ही क्रिया : पेशी फुटल्या, आतले विकर हवेतल्या प्राणवायूला भेटले, आणि हिरव्या पानातली तुरट द्रव्ये बदलून त्यांची लालसर, तांबूस द्रव्ये झाली. त्यांपैकी थिआफ्लेविन या द्रव्यांमुळे चहाला झळाळी आणि जिभेवर चटका येतो, तर थिआरुबिजिन या द्रव्यांमुळे गडद रंग आणि भरीवपणा येतो. सीटीसीत पेशींचा पार चुरा झालेला असल्यामुळे हे काम तासा-दीड तासात उरकते. ऑर्थोडॉक्सला दोन ते चार तास द्यावे लागतात. नंतर भट्टीतली गरम हवा ही क्रिया थांबवते आणि पानात पाणी तीन टक्क्यांच्या आसपास उरते. ही वेळ साधण्यातच कारखान्याच्या माणसाची खरी कसोटी असते, कारण लवकर थांबवले तर चहा कच्चा आणि कडवट लागतो, उशीर झाला तर मवाळ आणि निर्जीव.

हे सगळे कपात कसे उतरते ते आता एकेका पुडीविषयी सांगते.

आसामचा टीजीएफओपी१ मी पांढऱ्या बशीत ओला पसरून पाहिला. सहा मिनिटांनी गाळल्यावर पाने अर्धवट उलगडली होती. त्यांवर आणखी थोडे गरम पाणी घालून वीस मिनिटे ठेवली तेव्हा एक कळी अख्खी निघाली, तिच्याखालचे कोवळे पान बहुतेक सबंध होते आणि त्याच्या कडेची दातेरी किनार स्पष्ट दिसत होती. रंग नव्या तांब्याच्या भांड्यासारखा होता, आणि ओल्या पानाचा असा रंग ही चांगल्या काळ्या चहाची खूण आहे. बिनदुधाच्या चहाला गुळासारखा गोडसर, जाडसर घोट होता, मागे तुरटपणा उरत नव्हता. दुधात उकळल्यावर मात्र त्याचे सारे वैशिष्ट्य नाहीसे झाले. दुधातली प्रथिने चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, म्हणूनच दुधाचा चहा जिभेला गुळगुळीत लागतो. पण त्याला पुरून उरेल एवढा जोर मोठ्या पानात नसतो आणि उकळण्याने त्याचा वास उडून जातो. १,४०० रुपये किलोचा चहा आपल्या रोजच्या उकळीत घालणे हा त्या चहावरही अन्याय आहे आणि पैशांवरही. दुकानाने ही गोष्ट गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगायला हवी होती, ती सांगितली नाही.

बीपीची पुडी उघडली तेव्हा गोलसर, एकसारखा, काळपट तपकिरी दाणा दिसला; भुकटी जवळजवळ नव्हती, म्हणजे चाळणी नीट झालेली होती. हा दाणा पाण्यात फुगतो, पण उलगडत नाही, कारण उलगडायला पान उरलेलेच नसते. रंग दुसऱ्याच मिनिटाला भरला. बिनदुधाचा घोट जरा अंगावर येणारा होता, पण दूध घातल्यावर त्याला जो केशरी झाकेचा तांबूस रंग आला आणि दुधाच्या वर जी चहाची चव टिकली, ती सहाही पुड्यांत सर्वांत चांगली. याच चहाचे बिनदुधाचे पाणी एका पेल्यात घालून थंड होऊ दिले, तेव्हा तासाभरात ते गढुळले. हे पाहून कुणी चहा खराब आहे असे समजू नये. थिआफ्लेविन आणि कॅफिन थंडीत एकत्र येऊन साका धरतात, आणि चांगल्या आसामला हे असे होतेच. निलगिरीचे पाणी तेवढ्याच वेळात स्वच्छ राहिले होते, आणि थंड चहासाठी लोक निलगिरी निवडतात ते यामुळेच.

पीडीबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. काहींना डस्ट हा शब्दच कमी प्रतीचा वाटतो, तर टपरीवाल्याला आणि अमृततुल्यवाल्याला त्याच्याशिवाय चालत नाही. माझ्या मते दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. दाणा जितका बारीक तितका त्याचा पाण्याशी संपर्क जास्त, म्हणून डस्टचा रंग आणि जोर दीड-दोन मिनिटांत पुरता उतरतो. समोर गिऱ्हाइकांची रांग असलेल्या माणसाला हेच हवे असते. आपण घरी मात्र तोच चहा आधी पाण्यात, मग दुधात, असा पाच-सात मिनिटे उकळतो, आणि मग त्याचा कडवटपणा साखरेने झाकतो. या पुडीतला पीडी दोन मिनिटांच्या उकळीला खरोखर उत्तम लागला. पाच मिनिटांच्या उकळीला माझ्या सासूबाईंनी पहिल्याच घोटाला कप खाली ठेवला. दोन्ही कप एकाच पुडीतले आहेत हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवला.

निलगिरीच्या बीओपीची हकिकत थोडी वेगळी झाली. पुडी उघडताच वेलचीचा वास आला. चहा आजूबाजूचा वास फार पटकन ओढून घेतो, आणि दुकानात त्याच फळीवर चहाचा मसाला सुटा विकायला ठेवलेला मी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी पुडी परत नेली. मालकांनी वास घेऊन पाहिला, काहीही वाद न घालता आतल्या बाजूच्या नव्या पेटीतला माल तोलून दिला आणि डबा दुसरीकडे हलवायला सांगितले. ही वागणूक मला आवडली. बदलून मिळालेला चहा स्वच्छ, हलका आणि फुलांकडे झुकणाऱ्या वासाचा होता. थोड्या दुधात बरा, पण मला तो लिंबू पिळून अधिक आवडला. निलगिरीतल्या कुन्नूर भागात डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत खुडलेल्या पानाचा चहा सर्वांत सुवासिक असतो. माझ्या पुडीतला माल कोणत्या महिन्याचा होता हे दुकानात कुणालाच सांगता आले नाही.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. डब्यावर चाळणीची अक्षरे आणि भाव लिहिलेला असतो, पण हंगाम लिहिलेला नसतो. आसाममध्ये खुडणी साधारण मार्चपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, आणि त्यात मेअखेर ते जून हा सेकंड फ्लशचा काळ टिपांचा, जोराचा आणि दराचा असतो; जुलै ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत पाला भराभर वाढतो, उत्पादन सर्वांत जास्त होते आणि चहा पातळ लागतो. तोच बाग, तोच बीपी, पण जूनचा आणि ऑगस्टचा यांत दूध घातल्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लिलावातून माल उचलणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला हे सगळे माहीत असते; कोलकात्यात १८६१ पासून आणि गुवाहाटीत १९७० पासून चहाचे लिलाव होत आहेत, आणि तिथे प्रत्येक लॉटमागे बागेचे नाव आणि प्रत लिहिलेली असते, मालाचा नमुना चाखूनच बोली लागते. ही माहिती रविवार पेठेपर्यंत येते आणि खडू हातात घेतल्यावर गळून पडते.

दार्जिलिंगच्या बाबतीत तर हे जास्तच बोचले, कारण तिथे किलोला ३,६०० रुपये मोजले जातात. दार्जिलिंग चहाला २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते मिळवणारे ते देशातले पहिले उत्पादन. टी बोर्डाचे दार्जिलिंगसाठीचे बोधचिन्हही आहे. पण सुट्या डब्यातून तोलून दिलेल्या चहावर ते असणार कुठे? नेपाळचा चहा दार्जिलिंगच्या नावाने विकला जातो, अशी तिथल्या बागवाल्यांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. मी बागेचे नाव विचारले, तेव्हा मालकांनी "माल खात्रीचा आहे" एवढेच सांगितले. चव पाहता मला शंका घेण्यासारखे काही आढळले नाही, तरी या दराला बागेचे नाव, हंगाम आणि वर्ष मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे असे मी मानते.

चहा मात्र अप्रतिम होता. सेकंड फ्लशच्या काळात, म्हणजे मे-जूनमध्ये, दार्जिलिंगच्या मळ्यांत तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांचा रस शोषतात. आपल्याकडे कपाशीच्या शेतकऱ्याला या किडींची नावे नुसती ऐकून कपाळाला हात लावावा लागतो, पण चहाचे झाड त्या दंशाला उत्तर म्हणून जी सुगंधी द्रव्ये तयार करते, त्यांतून पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो आणि त्या वासासाठीच हा चहा जगभर मागितला जातो. माझ्या कपात तो वास झाकण उघडताक्षणी आला. रंग गडद नव्हता, मधासारखा होता. कोरडे पान सगळे काळे नसून त्यात तपकिरी, थोडे हिरवट आणि रुपेरी तुकडे होते. तीच पाने पुन्हा एकदा चार मिनिटे भिजवली, तेव्हा दुसरा कपही पिण्याजोगा निघाला. अडीच ग्रॅमला नऊ रुपये पडतात; दोन कप धरले तर कपाला साडेचार. टपरीवरच्या कटिंगच्या निम्म्याहून कमी किमतीत दुपारी तीन वाजता असा चहा मिळत असेल, तर त्याला चैन म्हणायला मी तयार नाही. यात दूध घालू नये, साखर घालू नये, आणि पाणी उकळून खाली उतरवल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच ओतावे.

राहिले फॅमिली मिक्श्चर, ज्याच्यावर हे दुकान मुख्यतः चालते. मिश्रण करणे यात गैर काहीच नाही. जोर डस्टचा, चव बीपीची, वास थोड्या पत्तीचा असा मेळ घालणे ही एक विद्या आहे, आणि वर्षभर एकच चव राखायची तर लिलावातल्या बदलत्या मालातून ती पुन्हा पुन्हा साधावी लागते. पण या पुडीत काड्या आणि लालसर तंतू जास्त होते. पानाचे देठ आणि शिरा कारखान्यातच वेगळ्या काढायच्या असतात. त्यासाठी प्लॅस्टिकचे रूळ नमद्यावर घासून त्यांच्यात स्थिर वीज निर्माण करतात आणि ते चहावरून फिरवतात. हलके तंतू उडून रुळाला चिकटतात आणि दाणा खाली राहतो. हेच घरी करून पाहता येते. मी प्लॅस्टिकचा कंगवा लोकरीच्या शालीवर घासला आणि ताटात पातळ पसरलेल्या चहावर बोटभर उंचीवरून फिरवला. बीपीच्या ताटातून चार-दोन तंतू उडाले. मिक्श्चरच्या ताटातून कंगव्याचे दात लालसर कुसळांनी भरून गेले, आणि दुसऱ्यांदा फिरवल्यावर पुन्हा भरले. ४४० रुपये भावात गिऱ्हाईक देठांचेही पैसे मोजत आहे हे त्यावरून दिसते. भेसळीची मात्र कोणतीही खूण आढळली नाही : ओल्या टिपकागदावर ठेवलेल्या पुडीतून रंग सुटला नाही, आणि लोहचुंबक फिरवल्यावर लोखंडाचा कीस आला नाही. या दोन्ही चाचण्या सहाही पुड्यांच्या केल्या.

पुड्या बांधण्याविषयीही एक सूचना आहे. दुकान अजून कागदी पुडीला आतून साधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी लावते. पुण्याच्या उन्हाळ्यात ते चालून जाते, पण जुलैच्या हवेत तीन टक्के ओलावा असलेला चहा आठवड्याभरात दमट होतो, त्याचा चटका जातो आणि तो मिळमिळीत लागतो. चंदेरी अस्तराच्या पिशव्या आता महाग राहिलेल्या नाहीत. तोवर गिऱ्हाइकाने घरी पोचताच चहा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढावा, आणि तो डबा मसाल्याच्या डब्यापासून लांब ठेवावा.

एवढे सगळे असूनही मी या दुकानात पुन्हा जाणार आहे, कारण सहा प्रती शेजारी शेजारी उघड्या डब्यांत पाहायला, हातात घेऊन वास घ्यायला आणि शंभर-शंभर ग्रॅम विकत घ्यायला मिळणे ही सोय बंद पाकिटात नाही. नमुना म्हणून चिमूटभर चहा कागदावर काढून द्यायला इथे कुणी कुरकुर करत नाही. वजन सहाही पुड्यांचे बरोबर भरले, एका पुडीत तर दोन ग्रॅम जास्त निघाले.

गेल्या शनिवारी जाऊन मी घरासाठी तीन भाग बीपी आणि एक भाग पीडी असे मिश्रण समोर तोलून घेतले. ते किलोला ४५५ रुपये पडले, म्हणजे मिक्श्चरपेक्षा पंधरा रुपये जास्त, आणि त्यात काड्या नाहीत. उकळी तीन मिनिटांची ठेवली आहे. सासूबाईंनी दोन दिवस काही न बोलता चहा घेतला आणि तिसऱ्या दिवशी साखर अर्धा चमचा कमी घालायला सांगितली. निघताना मालकांना मी एवढीच विनंती केली, की डब्यावर भाव लिहितात त्याच खडूने बागेचा भाग आणि खुडणीचा महिनाही लिहावा. त्यांनी आसामच्या बीपीच्या डब्यावर माझ्यासमोरच 'जून' असे लिहिले, शेजारच्या डब्यापाशी जाऊन क्षणभर थांबले, आणि आतल्या खोलीत पेटीवरचा शिक्का पाहायला गेले.